जर्मन झाडांच्या नावांची कार्डं: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगते, हा कार्डांचा डबा मी हौस म्हणून नाही घेतला, पोटापाण्यासाठी घेतला. मी मुलुंडला राहते आणि जर्मनमधून भाषांतराची कामं करते, त्यातली निम्मी तरी लाकूडकामाची असतात, म्हणजे हत्यारांचे कॅटलॉग, फर्निचरची स्पेसिफिकेशन, लहान मुलांच्या लाकडी खेळण्यांसोबत येणारी पत्रकं वगैरे. मागच्या वर्षी अशाच एका कॅटलॉगमध्ये सुताराच्या मोगरीपुढे लाकडाचं नाव होतं हाइनबूखं, आणि माझ्या डोक्यात बूखं म्हणजे बीच नावाचं युरोपातलं झाड हे इतकं घट्ट बसलेलं की मी सरळ बीच लिहून मोकळी झाले. माल आला आणि तिसऱ्या दिवशी घेणाऱ्याचा फोन, ताई तुमच्या कागदावर बीच आहे पण हे बीच नाहीये, आमच्या मिस्त्रीने हातात घेतल्या घेतल्या सांगितलं. मिस्त्री बरोबर होता. हाइनबूखं म्हणजे हॉर्नबीम, ते बूखंच्या घराण्यातलंसुद्धा नाही, बर्चच्या घराण्यातलं आहे, लाकूड पांढरट आणि बीचपेक्षा जड, कठीण, म्हणून तर त्याच्या मोगऱ्या आणि रंध्याचे तळ करतात. मला त्या दिवशी फार लागलं ते, कारण शब्द पाठ होता पण ते झाड मी चित्रात पण कधी नीट बघितलं नव्हतं.

मग फोर्टात परदेशी पुस्तकांचं एक दुकान आहे, काळा घोड्याला जर्मनच्या क्लासला जायचे तेव्हापासून ओळखीचं, तिथे जाऊन विचारलं की झाडांच्या नावांचं काही सोपं, चित्रवालं आहे का. काकांनी दोन जाडजूड पुस्तकं दाखवली, ती मला नको होती, कारण ट्रेनमध्ये उघडता येत नाहीत. मग त्यांनीच सुचवलं की कार्डं मागवून देतो, तिकडे शाळेतल्या मुलांसाठी असतात. पाच आठवडे लागले, 1,450 रुपये पडले. पैसे आधी घेतले नाहीत, आल्यावर फोन केला, डबा उघडून कार्डं मोजून दिली आणि एक कोपरा दुमडलेला होता तर पन्नास रुपये कमी केले. दुकानाबद्दल माझं एवढंच, आजकाल इतकं कोण करतं.

डब्यावर नाव म्हणजे नुसतं लाउबबॉयमं उंड श्ट्रॉयशर, पानवाली झाडं आणि झुडपं. लाउब म्हणजे पानांचा पसारा, आणि त्याच्या उलट नाडल म्हणजे सुई, तर पाईन-देवदार मंडळी नाडलबॉयमं, ती या डब्यात नाहीतच, ते आधी लक्षात घ्या नाहीतर टानं आणि फिश्टं शोधत बसाल. एकूण 72 कार्डं, साधारण पोस्टकार्डाएवढी, जाड, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेली. पुढच्या बाजूला पान अगदी खऱ्या मापाचं, शेजारी डहाळी, फूल आणि फळ, मागे नाव, आर्टिकल म्हणजे नावाआधी लागणारा, लिंग सांगणारा छोटा शब्द, अनेकवचन, लॅटिन नाव, कधी फुलतं, विषारी असेल तर एक छोटी खूण. रॉसकास्टानिअंचं पान एवढं मोठं की एका कार्डात मावत नाही, तर त्यांनी त्याची सातातली तीनच पानकं दाखवलीयत आणि पूर्ण पान कोपऱ्यात छोटं करून दिलंय, मला हे फार आवडलं, खोटं लहान करून टाकलं नाही.

पावसाळ्याचं विचाराल तर कार्डांना काहीही झालं नाही. जुलैमध्ये माझ्या पर्समध्ये ओल्या छत्रीबरोबर होती, ठाण्याला उतरताना एकदा तर खाली पाण्यातच पडली, पुसली आणि झालं. डब्याची मात्र वाट लागली, पुठ्ठा मऊ पडला, ऑगस्टपर्यंत तळाला बुरशी. आता मी ती स्टीलच्या जुन्या डब्यात ठेवते. मुंबईत घेणार असाल तर पुठ्ठ्याच्या डब्याचा मोह पहिल्याच दिवशी सोडा.

आता मुख्य गोष्ट. जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाचं रडगाणं असतं आर्टिकलचं, डेर, डी, डास, कुठला शब्द कुठे. या कार्डांच्या कडेला रंगाची पट्टी आहे, डेरला निळी, डीला लाल, डासला हिरवी, आणि गठ्ठा हातात घेऊन कडेकडून बघितला ना, तर जवळजवळ सगळा लाल दिसतो. मी इतकी वर्षं जर्मन करते पण हे असं एका नजरेत कधी दिसलंच नव्हतं, की झाडांची नावं बहुतेक सगळी बायकी आहेत, डी आयशं, डी बूखं, डी लिंडं, डी बिर्कं, डी एशं, डी उल्मं, डी एर्लं, डी पापल, डी व्हायडं. एकटा डेर आहोर्न, म्हणजे मेपल, मोठ्या झाडांच्या गर्दीत निळा उठून दिसतो. आणि निळ्यातली बाकीची बरीच जी आहेत ती बाउम किंवा डॉर्न मागे लागलेली, फाउलबाउम, ग्योटरबाउम, व्हाइसडॉर्न, झांडडॉर्न, कारण जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं आणि बाउम पुरुष, डॉर्न म्हणजे काटा तोही पुरुष. झुडपांमध्ये निळी जास्त आहेत, होलुंडर, फ्लीडर, लिगुस्टर, श्नेबाल. हिरवं अख्ख्या डब्यात एकच, डास प्फाफनह्यूटशन, पाद्र्याची टोपी, त्याचं गुलाबी फळ चार कोपऱ्यांच्या टोपीसारखं असतं, आणि शेवटी शन आला की शब्द नपुंसक, छोट्याशा गोष्टीला तिकडे डासच लागतं. आपल्याला हे सांगावंच लागत नाही हो, आपण पण वासरू, कोकरू, लेकरू, पिल्लू सगळ्यांना ते म्हणतो. क्लासमधल्या हिंदीभाषक मैत्रिणींना तीन लिंगं म्हटल्यावर घाम फुटायचा, आपल्याकडे तो वड, ती चिंच, ते झाड हे घरातच असतं. मराठी माणसाने जर्मन झाडांच्या नावांपासून सुरुवात केली तर आर्टिकलची भीती अर्धी जाईल असं माझं खरंच मत आहे.

उच्चाराचं पण सांगते, नावांच्या शेवटी जो ए लिहितात तो ए म्हणायचाच नाही, आपण झाडं, पानं, फुलं म्हणताना शेवटी जे करतो ना तेच करायचं, लिंडं, बिर्कं, बूखं. पण एक जोडी जपून. आयशं म्हणजे ओक आणि एशं म्हणजे ॲश. पहिल्यातला श जरा पातळ, जीभ पुढे टाळूला लावून, दुसऱ्यातला आपला नेहमीचा जाड श, आणि फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. लाकडाच्या धंद्यात ही चूक म्हणजे ऑर्डर गेली. कार्डाच्या मागे क्यूआर कोड आहे, स्कॅन केलं की उच्चार ऐकू येईल असं लिहिलंय, माझ्याकडे 72 पैकी एकही चालला नाही, पान सापडत नाही असं येतं. हा मोठा दोष. ज्याचं जर्मन सुरुवातीचं आहे त्याने नुसत्या कार्डांवर विसंबू नये, कोणाकडून तरी ऐकून घ्यावं.

आता हाइनबूखं. या संचात त्यांनी सर्वात शहाणपणाचं काय केलंय, तर फसवणारी नावं जोडीने ठेवलीयत, कार्डाच्या कोपऱ्यात समान चिन्ह, की ही दोन शेजारी ठेवून बघा. बूखं आणि हाइनबूखं शेजारी ठेवली की कळतं, बूखंच्या पानाची कड गुळगुळीत, किंचित लाटेसारखी आणि कोवळ्या पानावर बारीक लव, हाइनबूखंच्या कडेला करवतीसारखे दुहेरी दात. आणि यात अजून एक भानगड, बूखंचं पूर्ण नाव रोटबूखं, रोट म्हणजे लाल, आणि हाइनबूखंचं दुसरं नाव व्हाइसबूखं, पांढरी बूखं, तर मी इतकी वर्षं समजत होते की रोटबूखंची पानं लाल असणार. पानं हिरवीगार. लाल पानांची ती वेगळी, ब्लूटबूखं, रक्तासारखी. मग रोट कशाला, हे मला कार्डाने नाही सांगितलं, बाबांनी सांगितलं.

बाबांनी रे रोडच्या लाकूड बाजारात आणि नंतर एका फर्निचरच्या कारखान्यात मिळून चौतीस वर्षं काढली. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नाही. मी डायनिंग टेबलवर ही दोन कार्डं घेऊन बसले होते आणि मोठ्याने म्हणत होते की लाल का म्हणत असतील, तर ते आत गेले आणि पलंगाखालच्या खोक्यातून दोन तुकडे घेऊन आले, तळहाताएवढे, एक गुलाबीसर आणि एक फिकट. म्हणाले हे स्टीम बीच, बघ रंग. त्यांनी तुकडा खिडकीकडे तिरका धरला आणि अंगठ्याने त्यावरचे बारीक बारीक तपकिरी ठिपके दाखवले, तिळासारखे, लांबट, म्हणाले हे ठिपके दिसले की डोळे मिटून बीच म्हणायचं, वाफवलं की अजून तांबूस होतं, म्हणून लाल म्हणत असतील तुझे जर्मन. तसंच आहे. रोट आणि व्हाइस हे लाकडाचे रंग, पानांचे नाहीत. आणि जर्मन कागदांवर बूखं गेडेम्प्फ्ट असं असतं ते म्हणजेच आपल्या बाजारातलं स्टीम बीच, वाफवलेलं. मी शब्दकोशात गेडेम्प्फ्ट बघून एकदा दमट लिहिलं होतं.

तेव्हापासून असं झालंय की रोज रात्री जेवण झाल्यावर एक कार्ड काढायचं, मी नाव सांगायचं आणि बाबा विचारणार, लाकूड कसं? आणि कार्डावर लाकडाबद्दल एक ओळसुद्धा नाही. ही माझी दुसरी मोठी तक्रार. पान, फूल, फळ, सगळं दिलं, पण त्याचं खोड आणि लाकूड कसं असतं, कशाला वापरतात याला जागाच नाही. मग मी पेन्सिलने मागे लिहायला लागले, लॅमिनेशनवर पेन्सिल उमटत नाही म्हणून छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एशंच्या मागे, कुदळीफावड्याचे दांडे, लवचिक, झटका सोसतं. लिंडंच्या मागे, मऊ, कोरीवकामाला. एर्लंच्या मागे, पाण्याखाली कुजत नाही. बूखंच्या मागे, खेळणी, चमचे, खुर्च्या. निम्म्या चिठ्ठ्या मी जर्मन कागद वाचून लिहिल्या, निम्म्या बाबांनी सांगितलेल्या, आणि जिथे दोन्ही जुळलं तिथे टिक.

फसव्या जोड्यांकडे परत येते कारण डब्याचे पैसे तिथेच वसूल होतात. एशं आणि एबरएशं, दुसरीचा ॲशशी काही संबंध नाही, ती गुलाबाच्या कुळातली, लाल फळांचे घोस येतात, पक्षी खातात म्हणून तिला फोगलबेरं पण म्हणतात, फक्त पान ॲशसारखं दिसतं म्हणून नाव चिकटलं. श्टेशपाल्मं, शब्दशः टोचणारा ताड, पण ताड नव्हेच, ते हॉली, काटेरी पानांचं, पाम संडेला ताडाच्या झावळ्यांऐवजी चर्चमध्ये न्यायचे म्हणून पाल्मं. रॉसकास्टानिअं म्हणजे घोडा-चेस्टनट, आणि एडलकास्टानिअं म्हणजे खरं, खाण्याचं चेस्टनट, दोघांची कुळं वेगळी, पहिल्याचं बी कच्चं खाल्लं तर पोट बिघडतं. हेकनकिर्शं नावात चेरी आहे पण चेरी नाही, लाल लाल जोडफळं दिसायला गोड आणि विषारी. हे वाचून ज्यांना जर्मन लोक विचित्र वाटतील त्यांना सांगते, आपली विलायती चिंच कुठे चिंच आहे, आणि मुंबईच्या निम्म्या सोसायट्यांच्या कंपाऊंडमध्ये जे बदामाचं झाड आहे त्याला बदाम येतात का, बदामासारखं काहीतरी येतं म्हणून आपण बदाम म्हणतो. नवीन झाड दिसलं की माणूस जुन्या ओळखीच्या झाडाचं नाव देतो, सगळीकडे.

यातलं सर्वात जास्त उपयोगी पडलेलं कार्ड रोबीनिअंचं. हे झाड मूळ अमेरिकेतलं, फ्रान्सच्या राजाच्या माळ्याच्या, झाँ रोबँच्या नावावरून त्याला रोबीनिया नाव पडलं, पण काटे आणि संयुक्त पानं बघून लोक त्याला शाइनआकात्सिअं म्हणतात, खोटी अकेशिया, आणि बाजारात तर नुसतं आकात्सिअं. आता आकात्सिअंचा मध म्हणून जी बरणी येते तो मध खरं तर रोबीनिअंच्या फुलांचा असतो, आणि मी एका लेबलवर बाभळीचा मध लिहिणार होते. लिहिणारच होते! कार्ड आदल्या रात्री बघितलं होतं म्हणून वाचले.

श्टीलआयशं आणि ट्राउबनआयशं, या दोन ओकच्या जोडीवर मी आणि बाबांनी दोन संध्याकाळी घालवल्या. श्टील म्हणजे देठ, ट्राउबं म्हणजे द्राक्षं. मी श्टीलआयशंचं कार्ड घेतलं आणि पानाला देठ शोधायला लागले तर देठच नाही, पान जवळजवळ फांदीलाच चिकटलेलं. आणि ट्राउबनआयशंच्या पानाला चांगला बोटाच्या पेराएवढा देठ. मला वाटलं चित्रं अदलाबदल झाली. मग कार्ड उलटं केलं, फळ बघितलं, आणि उलगडा झाला, देठ पानाचा नाही, फळाचा, आयशल म्हणतात त्या फळाला, श्टीलआयशंची फळं लांब देठावर लोंबतात आणि ट्राउबनआयशंची देठाशिवाय एका जागी घोळक्याने, द्राक्षासारखी. म्हणजे फळाला देठ तर पानाला नाही आणि पानाला देठ तर फळाला नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मात विसरणार नाही. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात 1989 छापलंय, जर्मनीत त्या वर्षापासून दरवर्षी एक झाड वर्षाचं झाड म्हणून निवडतात आणि पहिला मान श्टीलआयशंचा होता. तसं श्टेशपाल्मंवर 2021, रोटबूखंवर 2022.

लिंडंचं कार्ड मी फ्रिजवर लावलंय. पान हृदयाच्या आकाराचं, पिंपळाची लांब शेपटी कापून टाकली तर जसं दिसेल तसं, पण कडेला दात. व्हिंटरलिंडं आणि झोमरलिंडं ओळखायच्या तर पान उलटं करायचं, शिरा जिथे फुटतात त्या बगलेत केसांचे झुपके असतात, व्हिंटरच्या तांबूस-तपकिरी, झोमरच्या पांढरट, आणि कार्डावर ते झुपके भिंगातून दिसावेत तसे मोठे करून दिलेत. पण मला लिंडं आवडते ती वेगळ्या कारणासाठी. जर्मन गावात मधोमध लिंडं असायची आणि तिच्याखाली पंचायत बसायची, न्यायनिवाडा व्हायचा, त्या झाडाला गेरिश्ट्सलिंडंच म्हणतात, न्यायाची लिंडं. आणि तांट्सलिंडं म्हणजे नाचाची, फांद्यांमध्ये लाकडी माळा बांधून त्यावर चढून लोक नाचायचे, बव्हेरियातल्या लिमर्सडोर्फ गावात अजून जत्रेला नाचतात. मला माझ्या आजोळचा वडाचा पार आठवतो, संध्याकाळी सगळी म्हातारी तिथे, भांडणं तिथेच मिटायची. असं झाड ज्यांच्याकडे आहे त्या लोकांची भाषा मला परकी वाटतच नाही.

भाषेचं निघालंच आहे तर बिर्कं. बर्च, पांढऱ्या सालीचं. बिर्कं आणि आपलं संस्कृत भूर्ज हे एकाच मुळातले शब्द आहेत, भूर्जपत्र म्हणजे हिमालयातल्या बर्चची साल, ज्यावर पोथ्या लिहायचे. मी हे कॉलेजात वाचलं होतं पण कार्ड हातात घेऊन बाबांना भूर्ज, बिर्कं, भूर्ज, बिर्कं असं लागोपाठ म्हणून दाखवलं तेव्हा ते पण खूश झाले. आणि त्सिटरपापल, थरथरणारा पॉप्लर, दुसरं नाव एस्पं, त्याच्या पानाचा देठ बाजूने चपटा असतो म्हणून जराशा वाऱ्याने पान हलतं, भीतीने कापणाऱ्या माणसाला तिकडे एस्पंच्या पानासारखा थरथरतोय म्हणतात. आपल्याकडे असं पान पिंपळाचं, संस्कृतात त्याचं एक नावच चलदल आहे. व्हायडं म्हणजे विलो, आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊ, पण सांभाळा, व्हायडं म्हणजे गायरान, चराऊ कुरण पण, आर्टिकल तेच, अनेकवचन तेच, संदर्भ बघितल्याशिवाय झाडाचं भाषांतर करू नका.

आता एक गोष्ट जरा रागाने सांगणार आहे. गोल्डरेगन, सोन्याचा पाऊस, पिवळ्याजर्द फुलांचे लोंबते घोस, कार्ड बघितल्यावर मुंबईतला कोणीही माणूस म्हणेल अरे हा तर आपला बहावा. आणि बहाव्याला जर्मनमध्ये इंडिशर गोल्डरेगन म्हणतातही. पण ही दोन झाडं वेगळी, नुसती वेगळी नाहीत, गोल्डरेगन सगळाच्या सगळा विषारी आहे, शेंगा आणि बिया तर फारच, लहान मुलांना त्याची बाधा होते. आणि बहाव्याच्या शेंगेतला मगज आपल्याकडे घरोघरी औषधात असायचा, पोट साफ व्हायला. आयुर्वेदावरचं एखादं पत्रक कोणी भाषांतर करताना नुसतं गोल्डरेगन लिहिलं आणि तिकडे वाचणाऱ्याने बागेतली शेंग तोडली तर? कार्डावर विषाची खूण आहे पण ज्वारीच्या दाण्याएवढी, ती पण पिवळ्या फुलांवर केशरी रंगात, माझ्या आईला चष्मा लावूनही दिसली नाही. लहान मुलांसाठीच्या संचात ही खूण ठळकच हवी. मी माझ्या आठ विषारी कार्डांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, ते मात्र लॅमिनेशनवर छान बसतं.

झुडपांवर मेहनत कमी घेतलीय. 72 मध्ये झुडपं फक्त 21, आणि ती पण उरकल्यासारखी. श्लेअं आणि व्हाइसडॉर्न ही जोडी तरी द्यायला हवी होती नीट, श्लेअंचं दुसरं नाव श्वार्त्सडॉर्न, काळा काटा, पण फुलं दोघांचीही पांढरी, काळं आहे ते साल. ओळखायची सोपी खूण म्हणजे श्लेअं आपल्या पांगाऱ्यासारखी पानं यायच्या आधी फुलते आणि व्हाइसडॉर्नला आधी पानं येतात मग फुलं, हे कार्डावर नाही, मला दुसरीकडे शोधावं लागलं. होलुंडरच्या कार्डावर एकच नाव, पण बव्हेरिया-ऑस्ट्रियात त्याला होलर म्हणतात आणि उत्तरेकडे चक्क फ्लीडर, जे बाकी जर्मनीत लायलॅक असतं, म्हणजे उत्तरेकडच्या घरचं फ्लीडरबेरंचं सूप हे लायलॅकचं नव्हे तर होलुंडरच्या फळांचं, आणि ती फळं शिजवूनच खायची असतात. अशी गावागावची नावं मागे एका ओळीत दिली असती तर संच दुप्पट कामाचा झाला असता. हिवाळ्यातल्या कळ्यांची चित्रं पण नाहीत. आपल्याला मुंबईत बसून ती लागत नाहीत, पण जे तिकडे शिकायला जातायत त्यांना सहा महिने बिनपानांचीच झाडं दिसणार आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

कोणी घ्यावा तर लाकडाच्या, हत्यारांच्या, मधाच्या, औषधी वनस्पतींच्या कागदांचं भाषांतर करणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा. क्लासच्या पहिल्या वर्षातल्यांनी आर्टिकलसाठी घ्यावा, पण उच्चाराची सोय दुसरीकडे बघून. तिकडे नर्सिंगला किंवा अप्रेंटिसशिपला जाणाऱ्यांना एवढं नाही लागत, त्यांनी पैसे वाचवावेत.

एक ग्योटरबाउमचं कार्ड राहिलं, ते सांगून थांबणार होते. देवांचं झाड असं नाव, चीनमधून आलेलं आणि आता युरोपात इतकं फोफावलंय की 2019 मध्ये युरोपियन युनियनने ते घुसखोर झाडांच्या यादीत टाकलं. त्याचं लॅटिन नाव वाचलं तर आयलँथस, म्हणजे आपल्या महारुखाचा सख्खा नातेवाईक. बाबा म्हणाले महारुख म्हणजे ते पेट्या आणि काडेपेटीच्या काड्यांचं लाकूड ना, हलकं. मग त्या रात्रीपासून आम्ही उलटं काम सुरू केलं, आपल्या झाडांची जर्मन कार्डं. 1864 मध्ये इथलं वनखातं निघालं तेव्हा पहिला मुख्य अधिकारी बॉनमध्ये जन्मलेला ब्रँडिस नावाचा जर्मनच होता, त्याने आपल्या झाडांची नावं शिकून घेतली होती, तर आपण का नाही. कोरी कार्डं दादरहून आणली, पानं राणीच्या बागेत झाडाखाली पडलेली उचलतो, वहीत दाबतो, सेलोटेपने लावतो. आतापर्यंत अकरा झालीत. गुलमोहर फ्लामनबाउम, ज्वाळांचं झाड, रेन ट्री सरळ रेगनबाउम, सोसायटीतला बदाम काटापनबाउम, आणि पहिलं कार्ड पिंपळाचं, पापलफायगं, पापलसारख्या पानाचं अंजीर. कडेला पट्टी रंगवायचं काम बाबांचं. निळा स्केचपेन उघडून बसले होते, मी म्हटलं बाबा लाल, डी आहे ते. म्हणाले पिंपळ तो, ती कशी झाली? मी सांगितलं शेवटी फायगं आलं ना, अंजीर, तिकडे अंजीर बाईमाणूस आहे. बाबांनी निळ्याचं टोपण लावलं, लाल उघडला, आणि पट्टी ओढता ओढता म्हणाले, मग वडाचं पण तसंच असेल, तो पण अंजिराचाच. तसंच आहे, डी बान्यानफायगं, ते बारावं.